कुणाचं डावं

५ जानेवारी

वन्सं यांस,
कोपरापासून नमस्कार.

आपला अबोला आहे हे माझ्या पूर्ण लक्षात आहे. पण पत्र लिहिणं म्हणजे बोलणं नव्हे, असं मी माझ्यापुरतं ठरवलंय. तुम्हाला पटत नसेल तर पत्र न वाचता परत पाठवा. म्हणजे तुम्ही ते वाचलंत हे मला कळेल.

अबोला कशावरून, ते तुम्ही विसरला असाल. सासूबाई गेल्या त्या दिवशी भरल्या घरात तुम्ही म्हणालात, "हिनं बनवलेली कवळी आईच्या तोंडात शेवटपर्यंत टकटक करायची." मी दाताच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते, वन्सं, खेळणी नाही. माझी एकही कवळी टकटक करते म्हणून परत आलेली नाही. टकटक सासूबाईंच्या बोलण्यात होती, आणि ती तुम्ही अगदी जशीच्या तशी उचललीय.

असो. मुद्दा तुमच्या भावाचा आहे. लोकांचे पियानो जुळवायला बाहेर पडण्याआधी तो रोज सकाळी तुमच्या वडिलांच्या त्या जुन्या प्रीअँपवर, म्हणजे आवाज स्पीकरांकडे सोडणाऱ्या त्या डब्यावर, एक रेकॉर्ड ऐकतो. त्याला तो "कान धुणं" म्हणतो. गेले काही महिने रेकॉर्ड लावली की तोंड वाकडं करतो आणि म्हणतो, "डावी बाजू बसलीय." म्हणजे डाव्या स्पीकरचा आवाज दबलाय. शिवाय एक बारीक घूं पण येते. मला घूं ऐकू येते. डावं-उजवं मला सारखंच वाटतं, पण माझ्या कानांचं मत या घरात कुणी विचारत नाही, कारण मी तुमच्या घराण्यात जन्माला आले नाही.

आता खरी अडचण. मोठ्या हॉलचा पियानो वर्षानुवर्षं हाच जुळवतो. मागच्या खेपेला तिथल्या वादकानं तक्रार केली की वरचे सूर बरोबर लागलेले नाहीत. हा म्हणतो, "रोज सकाळी वाकडं ऐकलं तर कानाला वाकडीच सवय लागणार ना." मार्चमध्ये पुन्हा जुळवणी आहे, आणि मॅनेजरनं तोंडावर सांगितलंय की आता तक्रार आली तर दुसरा माणूस बघू. हॉल गेला की बाकीची घरंही जातील. हॉलनं काढलेला माणूस आपल्या दिवाणखान्यात कोण घेईल?

मी म्हटलं, ताईला विचार, तिचं दुरुस्तीचं दुकान आहे, आयुष्यभर जुने रेडिओ आणि अँप्लिफायर उघडत बसलीय. तर म्हणाला, "ती आधी मला मूर्ख म्हणेल आणि मग उत्तर देईल." मला तुम्ही आधीपासूनच मूर्ख म्हणता, तेव्हा तेवढा वेळ वाचेल, म्हणून मी लिहितेय. त्याला सांगितलेलं नाही.

झाकण उघडून पाहिलंय. आत निळ्या निळ्या नळकांड्या आहेत. काहींची डोकी फुगलीयत, दोघींच्या बुडाशी तपकिरी चिकट डाग आहे. सोबत आकृती काढलीय. काय ते सांगा.

तुमची (कागदावर)
वहिनी


१२ जानेवारी

कवळीवाली,
आशीर्वाद, नाइलाजानं.

पत्र वाचलं. परत पाठवायला तिकीट कोण लावणार?

त्या "नळकांड्यांना" कंडेन्सर म्हणतात. डब्यावर कॅपॅसिटर लिहिलेलं असेल, तेही तेच. त्यांच्या आतला ओलावा वर्षानुवर्षं सुकत जातो. सुकला की आवाज आत अडकतो, डोकं फुगलं की समजायचं पोटात गडबड आहे, आणि बुडाला डाग म्हणजे पोट फुटलंय. बाबांनी हा डबा घेतला तेव्हा तुमचं लग्नही झालेलं नव्हतं. इतकी वर्षं हे कंडेन्सर कसे टिकले याचं आश्चर्य वाटतं. तुझ्या नवऱ्याला ते आत्ता सुचलं याचं वाटत नाही. तो लहानपणी बूट फाटून अंगठा बाहेर आल्यावर म्हणायचा, "बूट जरा सैल झालाय."

पार्सलमध्ये नवे कंडेन्सर आहेत. डाव्या बाजूचे आणि वीज पुरवणाऱ्या भागाचे. घूं त्या भागातून येते. उजव्या बाजूचे माझ्याकडे आत्ता नाहीत, मागवलेत. आधी डावी बाजू कर, तक्रार तिचीच आहे.

नीट वाच. प्लग काढ. काढल्यावर लगेच हात घालू नकोस, कंडेन्सर वीज धरून बसतात, त्यांना रिकामं होऊ दे. एका वेळी एकच काढायचा आणि त्याच जागी नवा बसवायचा. सगळे उपटून टेबलावर रांग लावलीस तर मग ती रांग मला लिहून विचारशील आणि मी उत्तर देणार नाही. जुन्यावर अधिकची खूण आहे, नव्यावर उणेची पट्टी आहे. म्हणजे खूण बघून खूण लावायची नाही, अर्थ बघून लावायची. उलटा बसवलास तर फुटतो. मोठा आवाज होतो. तो मात्र डावीकडून अगदी स्वच्छ ऐकू येईल.

सोल्डरिंग तुला येतं का, हे विचारणार नाही. मेण वितळवतेस, धातू वितळवतेस, हात थरथरत नसावा. सांधा चकचकीत दिसला पाहिजे. मळकट गोळा दिसला तर तो सांधा नाही, डोकेदुखी आहे.

आणि तुला काय ऐकू येतं ते लिहू नकोस. त्याला काय ऐकू येतं ते लिही. त्याच्या कानांवर घर चालतं.

ताई


२५ जानेवारी

वन्सं यांस,

झालं तुमचं. सुट्टीच्या दिवशी तो कुणाचातरी पियानो जुळवायला गेला होता, तेव्हा लॅबमधला माझा दिवा घरी आणला, भिंग लावलं आणि एकेक करून सगळे बदलले. प्लग काढून चहा करून पिऊन आले, तोवर तुमचे कंडेन्सर रिकामे झाले असतील अशी आशा धरली. एकही फुटला नाही, तुमची निराशा झाली असेल. सांधे असे चकचकीत आहेत की त्यात तोंड बघून भांग पाडावा. तुमच्या दुकानातले सांधे मी पाहिलेत. त्यांच्याबद्दल मी काही बोलत नाही, आपला अबोला आहे.

घूं गेली. ते श्रेय तुमचं, घ्या, गळ्यात घाला.

बाकी? दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला म्हटलं, "डबा जरा पुसला, बघ." त्यानं रेकॉर्ड लावली, डोळे मिटले, आणि म्हणाला, "घूं गेली की! पण डावी अजून मेलेलीच आहे. उलट उजवी आता जास्तच खुललीय, त्यामुळे डावी आणखीच गरीब वाटते." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "नुसतं पुसून हे कसं झालं?" मी म्हटलं, "मी नीट पुसते." तो हसला नाही. कोट घालून गेला.

तेव्हा, वन्सं, तुमचे ते डावे कंडेन्सर कुठल्या ढिगातून उपसून काढलेत ते कळवा. मला वाटलं होतं तुम्ही माझा राग माझ्यावरच काढाल, यंत्रावर नाही.

वहिनी


३ फेब्रुवारी

कवळीवाली,

तू सोबत पाठवलेली दुसरी आकृती बघितली. त्यात तू बदललेल्या कंडेन्सरांवर लाल फुल्या मारल्यास. बाई गं. वीजपुरवठ्याच्या सोडल्या तर सगळ्या फुल्या उजव्या बाजूला आहेत.

मी पुन्हा लिहिते, हळूहळू वाच. डबा समोर ठेवायचा. त्याची बटणं आपल्याकडे असतात. मग जो हात तुझा डावा, ती डावी बाजू. दुसरीतल्या पोराला कळतं हे. तू उजव्या बाजूचे बिचारे कंडेन्सर उपटलेस, डाव्याचे नवे त्यांच्या जागी बसवलेस, आणि वर माझ्या मालाला नावं ठेवलीस. उजवी खुलली म्हणतो ना तुझा नवरा? खुलणारच. तू तिची सेवा केलीस.

मला आता जरा भीती वाटते. कुणाची कवळी करताना वरचे दात खाली आणि खालचे वर असं झालंय का कधी? त्यांना फार बोलायला जमत नसेल, म्हणून तक्रार आली नसेल.

उजव्या बाजूसाठी मागवलेले आज आले. तेच पाठवतेय, दोन्हीकडे एकाच मापाचे लागतात म्हणून तू वाचलीस. ते डाव्या बाजूला बसव. डाव्या. ज्या हातात तू घड्याळ घालतेस तो.

ताई


९ फेब्रुवारी

वन्सं यांस,

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, मग तुम्हाला हवं तेवढं हसा.

आमच्या धंद्यात डावं म्हणजे पेशंटचं डावं. समोर तोंड उघडून बसलेल्या माणसाचं. आपल्या हाताचं नाही. पहिल्याच दिवशी आम्हाला हेच शिकवतात, कारण जो आपल्या डाव्या हाताकडचं डावं समजतो तो चांगला दात काढतो आणि किडलेला ठेवतो. मी डबा समोर ठेवला, झाकण उघडलं, आणि माझ्या हातानं आपोआप त्याला पेशंट केलं. बटणं म्हणजे समोरचे दात. त्याचं डावं ते माझ्या उजव्या हाताला. इतकी वर्षं मी दिवसभर दुसऱ्याचं डावं बघते, आपलं स्वतःचं डावं मला शोधावं लागतं. तुमच्या धंद्यात यंत्राला स्वतःचं डावं नसतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही लिहिलंत "डावी", पण कुणाची ते लिहिलं नाहीत. माणसाशी बोलायची सवय गेली की असं होतं.

असो. दुसरी बाजूही केली. आता आत सगळं नवं आहे. एकही फुगलेलं डोकं नाही, डाग नाही.

आणि तरीही, वन्सं, सकाळी रेकॉर्ड लावून तो म्हणाला, "डावी तशीच आहे."

आता हसणं थांबवा. परवा मॅनेजर घरी आला होता. कोट न काढता बसला. म्हणाला, "मार्चच्या वेळी मी स्वतः बसून राहीन हं." याचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. लोक कवळी काढून समोर ठेवतात तेव्हा होतो तसा. मॅनेजर गेल्यावर त्यानं प्रीअँपचं झाकण स्वतः उघडलं, आत नुसता बघत उभा राहिला. नवे कंडेन्सर त्याला दिसलेच असणार. झाकण परत लावून ठेवलं.

सांगा लवकर. टोमणे नंतर जोडले तरी चालतील.

वहिनी


१६ फेब्रुवारी

कवळीवाली,

"यंत्राला स्वतःचं डावं नसतं" हे वाक्य मी दुकानात पाटीवर लिहून लावणार आहे. खाली तुझं नाव घालणार नाही, लोक दात दाखवायला यायचे.

आता कामाचं. यंत्राला मी ओळखते. दोन्हीकडे सारखं नवं सामान, सारखे सांधे, आणि तरी एक बाजू बसते असं होत नाही. तेव्हा दोष कुठंतरी पुढे आहे. असा शोध:

प्रीअँपच्या मागच्या वायरी अदलाबदल कर. डावीची उजवीला, उजवीची डावीला. दोष डब्यात असेल तर आता तो म्हणेल, "उजवी बसलीय." तरी डावीच म्हणाला तर डबा निर्दोष. मग वायरी पहिल्यासारख्या कर आणि दोन्ही स्पीकर उचलून एकमेकांच्या जागी ठेव. त्याला न सांगता. दोष स्पीकरात असेल तर तो स्पीकरबरोबर पलीकडे जाईल.

आणि एवढं करूनही तो डावीच म्हणाला, तर त्याची खुर्ची उलटी फिरव. स्पीकरांकडे पाठ करून बसव. मग काय म्हणतो ते शब्दन् शब्द लिही.

कशासाठी ते विचारू नकोस. डावं कुणाचं हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं, असं तूच सांगितलंयस.

ताई


२४ फेब्रुवारी

वन्सं,

तुम्हाला माहीत होतं. खुर्चीचं लिहिलंत तेव्हाच तुम्हाला माहीत होतं. दोन ओळी जास्त लिहिल्या असत्यात तर तुमची शाई संपली नसती.

वायरी बदलल्या. "डावी." स्पीकर बदलले, कंबरेचा काटा ढिला झाला. "डावी." मग आज सकाळी मी पडदा उघडला, म्हटलं, "डोळ्यावर ऊन येतंय, जरा वळून बस ना." त्यानं खुर्ची फिरवली. पाठ स्पीकरांकडे. रेकॉर्ड सुरू झाली. मी त्याच्या समोर उभी. जो स्पीकर कालपर्यंत त्याच्या डाव्या हाताला होता तो आता त्याच्या उजव्या हाताला होता. ज्या बाजूचं गेला महिनाभर कौतुक करत होता ती आता डावीकडे.

मी विचारलं, "आता कसं?"

म्हणाला, "तेच. डावी बसलीय."

मी म्हटलं, "बरं." स्वयंपाकघरात गेले आणि नळ मोठा सोडला.

मला पहिल्या दिवसापासून दोन्हीकडे सारखं ऐकू येत होतं, वन्सं. मी तुम्हाला पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. तुम्ही लिहिलंत, तुला काय ऐकू येतं ते लिहू नकोस. मी पण ऐकलं तुमचं. तुमच्या घराण्याचे ते सोन्याचे कान! त्यातल्या एकाला काहीतरी झालंय आणि ते शोधायला मी डब्याचं पोट फाडत बसले.

त्याला कळलंय असं मला वाटत नाही. आणि मला त्याला सांगायचं नाही. मार्च तोंडावर आलाय. पियानो जुळवणाऱ्याला तुझा कान गेलाय म्हणून सांगायचं म्हणजे त्याचा हात धरून त्याला घरी बसवायचं. तो खुर्चीत बसेल आणि उठणार नाही. मी त्याला ओळखते.

म्हणून एक मागते. प्रीअँपवर डावं-उजवं कमीजास्त करायचं ते बॅलन्सचं बटण आहे. ते तो कुणालाच मधून हलवू देत नाही, म्हणतो ते आळशी लोकांसाठी असतं. पण आतून काही करता येईल का? बटण मधेच राहील, झाकण बंद असेल, आणि उजवी बाजू थोडी खाली येईल. म्हणजे त्याला दोन्ही सारखं वाटेल. निदान जुळवणीपर्यंत. मनानं उभा राहील.

कसं करायचं ते लिहा. एकदा तरी टोमणा न मारता लिहा.

वहिनी


१ मार्च

वहिनी,

टोमणा न मारता हे असं होतं: उजव्या बाजूच्या शेवटच्या कंडेन्सरच्या पुढे एक तार बाहेर जाते. ती मधे तोडून सोबतचा रेझिस्टर जोड. रेझिस्टर म्हणजे दारावर उभा असलेला माणूस, थोडे आत सोडतो, थोडे अडवतो. त्याला डावं-उजवं, अधिक-उणे काही नाही, कसाही लाव. आकृतीत मी बाण काढलाय आणि बाणाशेजारी "तुझा उजवा हात" असं लिहिलंय.

आता टोमणा. यंत्र खोटं बोलत नाही म्हणून मी हा धंदा धरला, माणसांचा कंटाळा आला म्हणून. आणि तू मला यंत्राला खोटं शिकवायला सांगतेस. ते मी करतेय, कारण तो माझा भाऊ आहे आणि मी म्हातारी होत चाललेय. पण घरचा डबा खोटं बोलेल, हॉलचा पियानो बोलणार नाही. तिथं मॅनेजर बसलेला असेल आणि वादक असेल, आणि तुझ्या नवऱ्याला बरं वाटतंय का याच्याशी त्यांना घेणं नाही. तू त्याला उशी देतेयस. त्याला डॉक्टर पाहिजे.

ऐकणार नाहीस, माहीत आहे. सांधा चकचकीत कर.

ताई


१७ मार्च

ताई,

तुला मी पत्र लिहिलं म्हणून भोवळ येऊन पडू नकोस. आधी बस.

तुम्ही दोघी स्वतःला फार शहाण्या समजता. घरातला प्रीअँप नुसता पुसल्यानं बरा होतो असं मला सांगितलं गेलं. मग वायरी आपोआप इकडच्या तिकडे झाल्या. मग स्पीकर फिरले आणि त्यांच्या पायांच्या जुन्या खुणा दोन्ही ठिकाणी धुळीत उघड्या पडल्या होत्या. मग एक दिवस ढगाळ हवेत माझ्या डोळ्यावर ऊन यायला लागलं. मी मूर्ख आहे, हे तू मला शाळेपासून सांगतेस. पण इतका?

खुर्चीत बसून मी "डावी" म्हटलं आणि समोर हिचं तोंड पाहिलं. तिथंच सगळं कळलं. तिला वाटतं तिचा चेहरा कोरा राहतो. तोंडात बोट घालून दात बघणाऱ्या बाईचा चेहरा जसा कोरा असतो, तसा. पेशंटला त्यावरूनच कळतं.

मग एका सकाळी आवाज अचानक मधोमध आला. सुंदर. रडू येईल इतका. मग मी उठलो आणि चांगला कान आधी एका स्पीकरला लावला, मग दुसऱ्याला. उजवा बसवलेला होता. झाकण उघडलं. तो रेझिस्टर तुझ्या दुकानातलाच आहे, जुन्या साठ्यातला, तसला आता कुणी वापरत नाही. सांधा मात्र तुझा नाही, फार चांगला आहे.

डॉक्टरकडे गेलो होतो. त्यानं कानात दिवा घातला, कान तपासायच्या यंत्रापुढे बसवलं, बोटानं टेबल वाजवत बोलला. डाव्या कानातले वरचे सूर गेलेत, परत येणार नाहीत. म्हणाला, "तुमचं काम काय?" सांगितलं तर म्हणाला, "अरे बापरे." असल्या माणसाला शिकवतं कोण?

मग हॉलवर गेलो आणि मॅनेजरला स्वतःच सांगितलं. त्यानं असं बघितलं जसं मी त्याच्या गालिच्यावर चिखल आणलाय. म्हटलं, "तुम्ही बसणारच होतात ना? बसा." दोन तारा जुळत नसल्या की आवाज डोलतो, ताई. डोलणं थांबेपर्यंत खुंटी पिळायची, एवढंच काम. ते एका कानाला कळतं. माझं चुकत होतं ते असं की सवयीनं मी डावा कान तारांवर वाकवायचो. आता उजवा वळवला. मान आखडली, पाठीत उसण भरली, मॅनेजर दोनदा झोपला. दुसऱ्या दिवशी वादक आला, वरच्या सुरांवर बराच वेळ घोटाळला, नाक मुरडलं आणि बसायचं स्टूल कुरकुरतं म्हणून तक्रार केली. पियानोबद्दल चकार शब्द नाही. मॅनेजरचं तोंड पडलं.

तेव्हा जुळवायला एक कान पुरतो. दोन लागतात ते तुम्ही दोघी कुठल्या बाजूनं बोलताय हे कळायला.

हिला यातलं काही सांगितलेलं नाही. हॉलचं काम नीट झालं एवढंच सांगितलं. तिला वाटतं तिच्या रेझिस्टरमुळे झालं. वाटू दे.

पण एक गोष्ट सहन होत नाही. रोज सकाळी ती माझ्याशेजारी बसते. तिचे दोन्ही कान धड आहेत. मला मधोमध ऐकू येतं, म्हणजे तिला सगळं एका बाजूला कललेलं ऐकू येतं. ती तोंडातून ब्र काढत नाही. कललेलं ऐकते आणि माझ्याकडे बघून मान डोलावते. मी "वा" म्हणतो. ती "वा" म्हणते. दोघंही नाटकी.

तू तिला काहीतरी कारण लिहून तो रेझिस्टर काढायला लाव. काहीही कारण. मला माहीत आहे हे तिला कळू देऊ नकोस.

आणि मला मूर्ख म्हणायचं असेल तर उजव्या बाजूनं म्हण.

तुझा भाऊ


२० मार्च

वहिनी,

मी पाठवलेला तो रेझिस्टर खराब निघाला. त्याच खोक्यातले दुसरे तपासले तेव्हा लक्षात आलं. गरम झाला तर आतल्या बाकीच्या सामानाला धोका आहे. ताबडतोब काढ आणि तार पुन्हा सरळ जोड. न तपासता पाठवला, माझी चूक झाली.

ताई


२६ मार्च

वन्सं,

तुमचं पत्र उभ्यानं वाचलं आणि मग बसून पुन्हा वाचलं. "माझी चूक झाली." तुमच्या अक्षरात! मी ते उजेडाला धरून बघितलं, कुणी खाडाखोड करून लिहिलंय का.

म्हणजे त्यानं तुम्हाला लिहिलंय. म्हणजे त्याला माहीत आहे. तुम्हाला चूक कबूल करायला लावण्यासाठी यापेक्षा लहान कारण पुरलं नसतं. वन्सं, खोटं बोलायचंच होतं तर पार्सलवाल्यावर ढकलायचं, माझ्या सोल्डरिंगवर ढकलायचं. मी क्षणभर विश्वास ठेवला असता. तुम्ही वाईट खोटं बोलता. घराण्यात आहे ते.

तो घरात असतानाच झाकण उघडलं. दिवा लावला, भिंग लावलं, रेझिस्टर काढला, तार सरळ केली. तो दारात उभा राहून बघत होता. "पुसतेयस का?" म्हणाला. मी म्हटलं, "हो." म्हणाला, "नीट पूस." मी झाकण आपटून लावलं.

मग रेकॉर्ड लावली. माझ्या कानात ती पुन्हा सरळ आली, दोन्हीकडून, आणि मी त्याच्याकडे अजिबात बघितलं नाही. तो उठला. खुर्ची उचलली, माझ्या पुढून फरपटत पलीकडे नेली, आणि मी त्याच्या उजव्या हाताला येईन अशी ठेवून बसला. पाय लांब केले.

"हं," म्हणाला. "आता घाल शिव्या. सगळ्या ऐकू येतील."

वहिनी